गावच्या झऱ्यांचा नकाशा : अनेकांच्या नोंदींचे एक दप्तर

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीही फाल्गुन-चैत्र लागताच पुष्कळ वाड्यांतून पाण्याची ओरड सुरू होते, हे वाचकांस नव्याने सांगावयास नको. जांभ्याचा सडा पावसाचे पाणी पोटात घेतो, आणि सड्याच्या कडेस जांभा संपून शेडीचा चिकण थर लागतो तेथे ते झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. ह्या झऱ्यांवर वाडीचे पिणे, पोफळीचे शिंपणे व उन्हाळी भाजीचे मळे अवलंबून असतात. परंतु कोणता झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, ह्याची लेखी नोंद किती गावांत सापडेल? वरच्या अंगास चिरेखाण निघाली किंवा रस्त्यासाठी डोंगर कापला गेला, आणि पुढे झरा माघातच आटू लागला, तर "पूर्वी तो वैशाखापर्यंत वाहत असे" हे गावकऱ्यांचे म्हणणे खरे असूनही कागदावाचून ते नुसते म्हणणेच राहते. चौकशीस आलेला अधिकारी कितीही सज्जन असला तरी त्यास अहवालात लिहावयास काही आधार लागतो.

सातबाराच्या उताऱ्यात हा आधार मिळत नाही. तो उतारा जमिनीचा हक्क, आकार व पीक ह्यांच्यासाठी निर्माण झालेला आहे. कातळाचा सडा त्यात पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, ह्या एका शब्दात आटोपतो. त्याच सड्यावर पावसाळ्यात दीपकाडी, गेंद, सीतेची आसवे ह्यांसारख्या वनस्पती उगवतात आणि त्याच्याच पोटातील पाणी खालच्या वाडीस मिळते. परंतु ह्या गोष्टींस उताऱ्यात रकाना नाही. हा दोष दप्तराचा नव्हे; ते ज्या कामासाठी केले ते काम ते करीत आले आहे. उणीव आहे ती दुसऱ्या दप्तराची, आणि ते गावकऱ्यांनी स्वतःच तयार करावयाचे आहे. मोबाईल व संगणक ह्यांच्या साहाय्याने असे दप्तर कसे उभारावे, ते ह्या पाठात क्रमाने सांगण्याचे योजिले आहे.

१. पूर्वीचे दाखले

अनेकांनी थोडे थोडे पाहावे व ते एकत्र जुळवावे, ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. अमेरिकेत १९०० साली नाताळच्या दिवशी २७ पक्षिप्रेमींनी आपापल्या ठिकाणचे पक्षी मोजून त्यांच्या याद्या एकत्र केल्या. ती गणना पुढे दरवर्षी होत गेली. २००४ साली इंग्लंडात ओपनस्ट्रीटमॅप हा उपक्रम निघाला. जगाचा नकाशा लोकांनीच काढावा व तो सर्वांस मोकळा असावा, हे त्याचे तत्त्व. आपल्या देशात इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल २००८ साली सुरू झाले, आणि झाडांस पालवी, मोहोर व फळ केव्हा येते ह्याची नोंद नागरिकांकडून घेणारा सीझनवॉच हा उपक्रम २०१० साली.

आपल्या जिल्ह्यातील दाखला वेळासचा आहे. मंडणगड तालुक्यातील ह्या गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साहाय्याने समुद्रकासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले. घरटे कोणत्या तारखेस सापडले व त्यात अंडी किती होती हे लिहून ठेवले म्हणजे सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिले बाहेर पडतील, असा अंदाज बांधता येतो. तारीख लिहिली नसती तर अंदाजही बांधता आला नसता. नोंदीचे मोल कशात आहे ते ह्या एका उदाहरणावरून ध्यानात येईल.

शेतकरी बंधूंस तर ही रीत घरचीच झाली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहून मोबाईलवर पिकाचे छायाचित्र घ्यावे, व त्याबरोबर ते स्थळही नोंदले जावे, अशी तिची योजना. जो हात पिकाची नोंद करू शकतो तो झऱ्याचीही करू शकेल.

ह्या कामास कायद्याचाही आधार आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापावयाची असून, लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे त्या समितीचे प्रमुख काम ठरविले आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली होती. परंतु वही एकदा लिहून कपाटात ठेवली म्हणजे ती त्या दिवसापुरतीच खरी राहते. झरा दरवर्षी वेगळा वागतो. म्हणून त्याचे दप्तर दरवर्षी चालू राहिले पाहिजे.

२. प्रश्न आधी ठरवावा

ह्या कामात पहिला मोह असा होतो की, गावातील झाडे, पक्षी, किडी, विहिरी, वहाळ सर्वच एकदम नोंदावे. त्याचा परिणाम असा होतो की, पहिल्या महिन्यात नकाशा ठिपक्यांनी भरून जातो व तिसऱ्या महिन्यात कोणी फिरकत नाही. म्हणून एकच प्रश्न घ्यावा, आणि तो ज्याच्या उत्तराची गावास गरज आहे असा असावा. आपण येथे हा प्रश्न घेऊ : गावातील प्रत्येक झरा कोणत्या पंधरवड्यापर्यंत व किती वाहतो?

झरा मोजण्यास यंत्र लागत नाही. दहा लिटरांची बालदी धारेखाली धरावी व ती भरण्यास किती सेकंद लागतात ते पाहावे. समजा ४० सेकंद लागले, तर धार मिनिटास १५ लिटर व दिवसास २१,६०० लिटर झाली. जल जीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे; त्या हिशेबाने हा एक झरा सुमारे ३९० माणसांची गरज भागवितो. "बारीक झरा आहे" असे म्हणण्यापेक्षा हा आकडा किती बोलका आहे ते वाचकांनीच पाहावे. मोजणी पौर्णिमेस व अमावास्येस करावी, म्हणजे दिवस विसरला जात नाही. नोंदीत मात्र इंग्रजी तारीखच लिहावी.

३. नमुना, दप्तर व नकाशा

अशा वेब ॲपचे तीन भाग असतात. महसुली कामाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांस ते लवकर समजतील. पाहणी करणारा ज्यात माहिती भरतो तो नमुना. भरलेले नमुने ज्यात क्रमाने राहतात ते दप्तर, ह्यासच डेटाबेस म्हणतात. आणि त्या दप्तरावरून कोणासही पाहता येईल असा काढलेला नकाशा. ह्यांपैकी नमुन्यावर सर्वांत अधिक विचार खर्च करावा, कारण तेथे राहिलेली उणीव पुढे कोणत्याही संगणकास भरून काढता येत नाही. नमुन्यात निदान पुढील रकाने असावेत :

(१) झऱ्याचा क्रमांक व गावात चालणारे नाव. (२) स्थळाचे अक्षांश व रेखांश. (३) पाहणीची तारीख व वेळ. (४) बालदी भरण्यास लागलेले सेकंद. झरा आटला असल्यास "आटला" असे स्पष्ट. (५) पाहणाऱ्याचे नाव. (६) स्वतः पाहिले की दुसऱ्याकडून ऐकले. (७) छायाचित्र. (८) शेरा.

सहावा रकाना क्षुल्लक वाटेल, पण पाहिलेले व ऐकलेले एकत्र मिसळले म्हणजे दोन्हींची किंमत जाते. वृद्धांकडून मिळालेली जुनी माहिती अवश्य घ्यावी. ती ऐकीव म्हणून वेगळी दाखवावी इतकेच. तिसऱ्या रकान्यासंबंधीही एक सावधगिरी आहे. आपल्या खोऱ्यांतून मोबाईलची रेंज सर्वत्र नसते. ओडीके व कोबोटूलबॉक्स ह्यांसारखी साधने नमुना मोबाईलमध्येच साठवून ठेवतात व रेंज मिळताच पुढे पाठवितात. त्यामुळे पाहिल्याची तारीख व पाठविल्याची तारीख ह्यांत अंतर पडते. दोन्ही राखाव्यात, परंतु नकाशावर पाहिल्याचीच तारीख धरावी.

जेथे नावे निवडावयाची असतील तेथे मोकळी जागा न ठेवता यादी द्यावी. एकाच झाडास कोणी रातांबा म्हणतो, कोणी भिरंड, कोणी कोकम. ज्याने त्याने आपापले नाव लिहिले तर नकाशावर एका जातीच्या तीन जाती होतील. यादीत तिन्ही नावे असावीत व तिन्हींखाली एकच क्रमांक असावा. गावची नावे पुसून टाकू नयेत. ती स्वतःच जतन करण्याजोगी माहिती आहेत.

४. स्थळ अचूक कसे धरावे

रत्नागिरी शहर सुमारे १६.९९ उत्तर अक्षांशावर व ७३.३० पूर्व रेखांशावर आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. म्हणून तिसऱ्या दशांश स्थळाचा एक आकडा म्हणजे सुमारे ११० मीटर, चौथ्याचा ११ मीटर, आणि पाचव्याचा सुमारे १ मीटर. तीनच स्थळे लिहिली तर एका पऱ्याचा झरा शेजारच्या पऱ्यात जाऊन बसेल. म्हणून पाच स्थळे लिहावीत. मोबाईल उघड्या सड्यावर काही मीटरांपर्यंत ठीक सांगतो. दाट झाडीत किंवा घळीत तो चुकतो. तेथे थोडे थांबून, दाखविलेली अचूकता सुधारल्यावरच नोंद करावी.

दुसरी अडचण जोडी उलटी होण्याची. जिओजेसन नावाच्या ज्या रीतीने अशी स्थळे साठवितात तिच्यात रेखांश आधी व अक्षांश मागून येतो. नकाशा काढणाऱ्या लीफलेट ह्या मोफत साधनात अक्षांश आधी येतो. दोहोंची गफलत झाली की आपला झरा नॉर्वेच्या उत्तरेस समुद्रात जाऊन पडतो! ह्यावर उपाय सोपा आहे. गावाच्या चतुःसीमेबाहेरची नोंद दप्तराने स्वीकारूच नये, अशी अट आरंभीच घालावी.

गावनकाशावरील गट क्रमांक दाखवावयाचे असल्यास जुन्या नकाशाचे चित्र क्यूजीआयएस ह्या मोफत साधनात घेऊन ते आजच्या अक्षांश-रेखांशांवर बसविता येते. त्यासाठी दोन्हीकडे निःसंशय ओळखता येतील अशा निदान चार-पाच खुणा लागतात : तीन गावांच्या सीमा मिळतात तेथील दगड, जुनी बाव, देऊळ इत्यादी. अशा रीतीने बसविलेला नकाशा झऱ्यांसाठी उपयोगी पडतो. हद्दीच्या वादात मात्र तो पुढे करू नये. ते काम भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीचे आहे.

खालचा आधारनकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा घेता येतो. त्याचा नामनिर्देश कोपऱ्यात करावा लागतो. दप्तर मोठे झाले तर पोस्टजीआयएस हे स्थळे सांभाळणारे मोफत साधन आहे. आरंभी मात्र एक साधी तक्ता-फाईल व लीफलेटच्या काही ओळी एवढ्यावर भागते, आणि महाविद्यालयात संगणक शिकणारा गावचा मुलगा किंवा मुलगी हे काम करू शकते.

५. नोंद आणि प्रमाणित नोंद

फेरफाराची रीत वाचकांस ठाऊक आहे. तलाठी नोंद धरतो, संबंधितांस नोटीस जाते, हरकत आल्यास ऐकली जाते, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावर ती नोंद पक्की होते. झऱ्याच्या दप्तरासही हीच रीत लावावी. नवी नोंद नकाशावर फिक्या रंगात दिसावी. दुसऱ्या वाडीतील दोघांनी जागेवर जाऊन ती खरी असल्याचे कळविले म्हणजे तिचा रंग पक्का व्हावा. आयनॅचरलिस्ट ह्या जागतिक उपक्रमातही एखाद्या प्राण्याची वा वनस्पतीची ओळख दोन-तृतीयांशांहून अधिक मते जुळल्यावाचून अभ्यासास योग्य मानली जात नाही.

"दुसऱ्या वाडीतील" ही अट हेतुपूर्वक घातली आहे. ज्याचा चिरेखाणीत हितसंबंध आहे तो झरा कमी दाखवील, ज्याचा पाण्याच्या योजनेत आहे तो वाढवून दाखवील. दोन्ही आपलीच माणसे. हितसंबंध नाहीसा करता येत नाही, पण दोन परक्या डोळ्यांनी त्याचा भार कमी होतो. तसेच चुकीची नोंद कधीही पुसू नये. जुनी ओळ तशीच ठेवून खाली दुरुस्ती, तारीख व दुरुस्त करणाऱ्याचे नाव लिहावे. ज्या दप्तरात खाडाखोड करता येते त्यावर परका माणूस विश्वास ठेवीत नाही, आणि हे दप्तर शेवटी परक्यासच पटवावयाचे आहे.

६. रिकामी जागा व तिचा अर्थ

लोकांनी केलेल्या नकाशावर ठिपके रस्त्याकाठी दाट व डोंगरात विरळ दिसतात. ह्यावरून डोंगरात झरे नाहीत असा निष्कर्ष काढणे चूक होय. तेथे कोणी गेले नाही इतकेच त्यावरून कळते. म्हणून गावाचे सारखे चौकोन पाडावेत व प्रत्येक चौकोनात किती वेळा पाहणी झाली तो आकडाही दाखवावा. प्रा. माधव गाडगीळ ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली पश्चिम घाटाविषयीचा अहवाल दिला, तेव्हा तिने सुमारे नऊ किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडून साऱ्या घाटाची माहिती मांडली होती. गावासाठी पाव किलोमीटरचा चौकोन पुरे. जेथे जाऊनही झरा आढळला नाही तेथे "पाहिले, नाही" अशी नोंद करावी. तीही नोंदच आहे.

आता ह्या नकाशाचा खरा उपयोग सांगतो. समजा, गावातील बारा झऱ्यांची पाच वर्षांची मोजणी जमली आणि सहाव्या वर्षी एक झरा दोन महिने आधी आटला. बाकीचे अकराही त्या वर्षी आधीच आटले असतील, तर कारण बहुधा पावसात शोधावे. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचे आकडे शेजारी ठेवून पडताळा पाहावा. परंतु अकरा झरे नेहमीप्रमाणे वाहत आहेत व एकच आटला, तर त्याच्या वरच्या अंगास काय बदलले ते पाहावयास जावे. एकट्या झऱ्याच्या नोंदीवरून हा भेद करता येत नाही. अनेक झरे, अनेक वर्षे व एक नकाशा असल्यासच करता येतो. एवढ्याने दोष कोणाचा हे सिद्ध होत नाही, तथापि चौकशी कोठून सुरू करावी हे निश्चित होते. गाऱ्हाणे आणि पुरावा ह्यांतील पुष्कळसे अंतर येथेच कापले जाते.

७. काय दाखवू नये

सर्व काही सर्वांस दाखविणे हे शहाणपणाचे नव्हे. झऱ्याची जागा उघड करण्यास सहसा हरकत नसते. पण पुढे हाच नकाशा वाढवून त्यात खवले मांजराचे बीळ, आग्या मधमाशीचे पोळे, औषधी वनस्पतीची जागा ह्या गोष्टी आल्या, तर आपणच चोरास वाट दाखविल्यासारखे होईल. अशा नोंदी दप्तरात अचूक ठेवाव्यात व नकाशावर केवळ मोठा चौकोन रंगवावा. देवरहाटीतील गोष्टी नोंदाव्यात की नाही, ह्याचा निर्णय गावाने करावा. संगणक चालविणाऱ्याने नव्हे. पाहणी करणाऱ्यांचे मोबाईल क्रमांक कधीही प्रसिद्ध करू नयेत. झरा कोणाच्या खाजगी जमिनीत असेल तर मालकास आधी विचारावे. ही सर्व बंधने आरंभीच ग्रामसभेपुढे वाचून तिच्या ठरावात घालावीत, म्हणजे दप्तर गावाचे ठरते, एखाद्या व्यक्तीचे किंवा बाहेरच्या संस्थेचे राहत नाही.

८. दप्तर टिकावे कसे

अशी कामे यंत्र बिघडल्यामुळे क्वचित थांबतात. ती बहुधा माणूस गेल्यामुळे थांबतात. ज्या मुलाने ॲप तयार केले तो नोकरीसाठी मुंबई-पुण्यास जातो, परवलीचा शब्द त्याच्याबरोबर जातो, व सर्व्हरचे वार्षिक शुल्क भरावयाचे राहते. म्हणून परवलीचा शब्द समितीतील दोघांकडे असावा. दरवर्षी मृगापूर्वी संपूर्ण दप्तराची साध्या तक्त्याच्या रूपात एक प्रत काढावी, आणि तिचा छापील उतारा ग्रामपंचायतीच्या कपाटात, लोक जैवविविधता नोंदवहीस जोडून ठेवावा. संकेतस्थळ बंद पडले तरी कागद राहील, व कागदावरून संकेतस्थळ पुन्हा उभे करता येईल.

आरंभ कार्तिकात करणे सोयीचे, कारण तेव्हा पाऊस ओसरलेला असतो व झरे भरून वाहत असतात. पहिल्या वर्षी पाच-सात झरे पुरेत. ॲप तयार होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. वरील आठ रकाने वहीत आखून मोजणी सुरू करावी, त्या नोंदी मागाहून संगणकात घालता येतात. न केलेली मोजणी मात्र मागाहून कोणासही करता येणार नाही. दुसऱ्या वर्षी ह्याच चौकटीत आंब्याच्या मोहोराची तारीख, तुडतुडे व फुलकिडे प्रथम दिसल्याचा दिवस, मोहोरावर येणाऱ्या माश्या व मधमाश्या ह्यांची भर घालावी. बागायतदारांस त्याचा उपयोग किती, हे वेगळे सांगावयास नको. ह्या पाठावरून एखाद्या वाडीने येत्या कार्तिकी पौर्णिमेस एका झऱ्याखाली बालदी धरून सेकंद मोजले, तरी लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले असे वाटेल.